परिसर अभ्यास

प्राथमिक शाळेतील मुलांना त्यांच्या भोवतालच्या निसर्गाचा व समाजाचा एकत्रित परिचय करून देणारा अभ्यासविषय. वरच्या इयत्तांत जे विषय विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र या नावांनी स्वतंत्रपणे शिकविले जातात, त्या सर्वांचा पाया या विषयात घातला जातो. साधारणतः सहा ते अकरा वर्षे वयाच्या मुलांसाठी त्याची योजना असते. महाराष्ट्रात पहिली व दुसरी या इयत्तांत परिसराची ओळख भाषा, गणित व निरनिराळे उपक्रम यांच्या अनुषंगाने करून दिली जाते. तिसरीपासून पाचवीपर्यंत तिला स्वतंत्र विषयाचे स्थान मिळाले. ‘परिसर’ या संज्ञेत भौतिक, जैविक व सामाजिक अशी तिन्ही अंगे अभिप्रेत आहेत. त्यामुळे प्रदूषण, वनसंरक्षण इ. प्रश्नांपुरता मर्यादित असा पर्यावरणशिक्षणाचा जो अर्थ रूढ आहे, त्याहून या विषयाची व्याप्ती मोठी आहे.

स्वरूप : ज्ञानाची निरनिराळ्या शास्त्रांत झालेली विभागणी ही प्रौढांच्या अभ्यासाच्या सोयीसाठी झालेली आहे. लहान मुलाच्या अनुभवात अशी विभागणी नसते. गावातील विहिरीचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. विहिरीस पाणी कोठून येते, उन्हाळ्यात ते खाली का जाते, दोर कप्पीवरून ओढला असता पाणी शेंदणे सोपे का होते, हे प्रश्न विज्ञानाचे आहेत. गावाच्या कोणत्या भागात विहिरी अधिक आहेत व का, हा प्रश्न भूगोलाचा. ती कोणी व केव्हा बांधली, हा इतिहासाचा. तिची देखभाल ग्रामपंचायत कशी करते, हा नागरिकशास्त्राचा. पाणी भरण्याचे काम घरात कोण करते व पूर्वी या विहिरीवर कोणास पाणी भरू दिले जात नसे, हा प्रश्न समाजरचनेचा आहे. मुलाच्या दृष्टीने मात्र विहीर एकच असते. तिच्याविषयीचे सर्व प्रश्न एकत्र विचारता यावेत, या भूमिकेतून परिसर अभ्यास या विषयाची मांडणी झाली आहे.

या मांडणीमागे तीन तत्त्वे आहेत. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे व जवळच्याकडून दूरच्याकडे जावे, हे पहिले तत्त्व होय. निरीक्षण, वर्गीकरण, मापन, नोंद, तुलना व अनुमान ही कौशल्ये माहितीच्या साठ्याहून अधिक महत्त्वाची आहेत, हे दुसरे. मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यापाशी परिसराचे काही ज्ञान असतेच व त्या ज्ञानापासून अध्यापनाचा आरंभ करावा, हे तिसरे तत्त्व आहे. यांपैकी पहिली दोन तत्त्वे सर्वत्र मान्य झाली आहेत. तिसरे मात्र उच्चारण्यास सोपे व आचरण्यास कठीण ठरले आहे.

ऐतिहासिक आढावा : मोराव्हियातील शिक्षणतज्ञ योहान आमोस कोमीनिअस (१५९२–१६७०) याने १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध केलेल्या ऑर्बिस सेन्सुआलिअम पिक्टस या सचित्र पुस्तकात प्राणी, वनस्पती, व्यवसाय, घर, नगर इत्यादींची चित्रे व त्यांची नावे शेजारी शेजारी दिली होती. शब्दाआधी वस्तू, हे सूत्र येथून शिक्षणात रुजले. फ्रेंच विचारवंत झां झाक रूसो याने एमील (१७६२) या ग्रंथात मुलाने पुस्तकाऐवजी निसर्गाकडून शिकावे, असा आग्रह धरला. स्वित्झर्लंडमधील योहान हाइन्रिख पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) याने प्रत्यक्ष निरीक्षणाला अध्यापनाचा आधार मानले. त्याच्या प्रभावातून इंग्लंडमध्ये ‘वस्तुपाठ’ ही पद्धती प्रचारात आली. तीत काच, मीठ, पीस, लोकर अशी एखादी वस्तू वर्गात दाखवून तिचे गुणधर्म मुलांकडून वदवून घेतले जात. परंतु लवकरच ठरावीक वस्तू, ठरावीक प्रश्न व ठरावीक उत्तरे असे या पाठांना साचेबंद रूप आले आणि वस्तू समोर असूनही मुले पाठांतरच करू लागली. पद्धती नवी असली, तरी ती यांत्रिक बनू शकते, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

जर्मनीमध्ये एकोणिसाव्या शतकात स्वग्रामपरिचय हा विषय (हाइमाटकुंड) प्राथमिक शाळांत स्थिरावला. मुलांनी आपले गाव, नदी, डोंगर, रूढी व इतिहास यांची माहिती मिळवावी, हा त्याचा हेतू होता. पुढे त्यास स्वभूमीच्या भावनाप्रधान गौरवाचे रूप आले व नाझी राजवटीत त्याचा राजकीय प्रचारासाठी उपयोग करण्यात आला. या अनुभवामुळे व आशय शास्त्रीय दृष्ट्या दुबळा असल्याच्या टीकेमुळे पश्चिम जर्मनीत १९७० च्या सुमारास त्याची जागा निसर्ग व समाज या दोहोंचा शास्त्रीय पद्धतीने परिचय करून देणाऱ्या विषयाने घेतली.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निसर्ग-अभ्यासाची चळवळ सुरू झाली. कॉर्नेल विद्यापीठातील ॲना बॉट्स्फर्ड कॉमस्टॉक यांचा या विषयावरील शिक्षकांसाठी लिहिलेला ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉन ड्यूई (१८५९–१९५२) याने १८९६ मध्ये शिकागो येथे स्थापन केलेल्या प्रायोगिक शाळेत स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम यांसारख्या व्यवसायांभोवती अध्यापन गुंफले होते. मुले लोकर पिंजून सूत काढीत व त्या ओघात धाग्यांचे गुणधर्म, यंत्रांची तत्त्वे आणि वस्त्रोद्योगाचा इतिहास शिकत. विज्ञान व समाजशास्त्रे यांचा संयोग मानवी श्रमात होतो, हा त्यामागील विचार होता.

रशियाने १९५७ मध्ये पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर पाश्चात्त्य देशांत विज्ञानशिक्षणाच्या सुधारणेस गती आली. जेरोम ब्रूनर याच्या द प्रोसेस ऑफ एज्युकेशन (१९६०) या ग्रंथाचा या काळावर मोठा प्रभाव होता. अमेरिकेत प्राथमिक शाळांसाठी विज्ञानाचे अनेक प्रकल्प आखण्यात आले. इंग्लंडमध्ये १९६४ मध्ये नफील्ड प्रतिष्ठानचा प्राथमिक विज्ञान प्रकल्प व १९६७ पासून पाच ते तेरा वर्षे वयाच्या मुलांसाठीचा विज्ञान प्रकल्प सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रश्न विचारावेत व साध्या साधनांनी त्यांची उत्तरे शोधावीत, यावर त्यांचा भर होता. जपानमध्ये १९८९ च्या अभ्यासक्रमानुसार पहिल्या दोन इयत्तांतील विज्ञान व सामाजिक अभ्यास हे स्वतंत्र विषय रद्द करून त्यांच्या जागी जीवन-परिसराचा एकत्रित विषय आणण्यात आला व १९९२ पासून तो अंमलात आला. फिनलंडच्या २०१४ च्या अभ्यासक्रमात जीवशास्त्र, भूगोल, भौतिकी, रसायनशास्त्र व आरोग्य यांचा पहिल्या सहा इयत्तांसाठी एकच विषय करण्यात आला.

भारतातील विकास : ब्रिटिश अमदानीतील प्राथमिक शाळांत वाचन, लेखन व अंकगणित यांना प्राधान्य असे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध लेखन-वाचन आणि हिशेब यांबरोबर इतिहास, भूगोल व व्याकरण यांचे सामान्य ज्ञान, शेतीची प्राथमिक माहिती आणि नीती व आरोग्य यांविषयीचे पाठ असावेत, अशी मागणी केली. शेतकऱ्याच्या मुलास त्याच्या जीवनाशी संबंधित असे शिक्षण मिळावे, ही भूमिका त्यामागे होती. रवींद्रनाथ टागोरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे सुरू केलेल्या शाळेत निसर्गसान्निध्यातील अध्ययनाला महत्त्व दिले. १९२४ मध्ये ग्रामीण मुलांसाठी काढलेल्या शिक्षासत्रात त्याला हस्तोद्योगाची जोड मिळाली.

वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. तीमधून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाचा जो आराखडा तयार केला, त्यात मूलोद्योग, मातृभाषा व गणित यांबरोबर सामाजिक अभ्यास व सामान्य विज्ञान यांना स्थान होते. हस्तोद्योग, भौतिक परिसर व सामाजिक परिसर या तीन केंद्रांशी सर्व विषयांचा समवाय साधावा, असे या योजनेचे सूत्र होते [⟶ मूलोद्योग शिक्षण]. मुलाच्या परिसराला अभ्यासक्रमाचा अधिकृत आधार मानणारी ही भारतातील पहिली व्यापक योजना म्हणता येईल. तिच्या अंमलबजावणीत समवाय पुष्कळदा ओढूनताणून साधला गेला व उद्योगाची साधने अपुरी पडली.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी तत्कालीन ठाणे (सध्या पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ पासून व पुढे कोसबाड येथे केलेले कार्य या दृष्टीने उल्लेखनीय आहे. गुरे राखण्यामुळे शाळेत येऊ न शकणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी कुरणशाळेचा प्रयोग केला. पाने, फुले, बिया, दगड, माती ही तेथील शैक्षणिक साधने होती. शाळा मुलांच्या परिसरात गेली, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९७५ मध्ये दहा वर्षांच्या शालेय शिक्षणाची जी रूपरेषा प्रसिद्ध केली, तिच्यात प्राथमिक स्तरावर परिसर अभ्यास हा विषय सुचविण्यात आला. पहिल्या दोन इयत्तांत तो एकत्रित व तिसरी ते पाचवीत सामाजिक अभ्यास आणि विज्ञान अशा दोन भागांत शिकविला जावा, अशी योजना होती. २००० च्या रूपरेषेने तिसरी ते पाचवीतील हे विभाजन काढून टाकले. २००५ च्या रूपरेषेने एकत्रित विषयच कायम ठेवला व त्यासाठी कुटुंब व मित्र, अन्न, पाणी, निवारा, प्रवास आणि आपण बनवितो व करतो त्या गोष्टी, अशी सहा आशयसूत्रे घेतली. यावर आधारित पाठ्यपुस्तके २००६ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तयार झालेल्या २०२३ च्या रूपरेषेत तिसरी ते पाचवीसाठी ‘आपल्या भोवतालचे जग’ या आशयाचा एकत्रित विषय ठेवण्यात आला आहे. यांखेरीज पर्यावरणविषयक शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला व २००३ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला.

शासनाबाहेरील प्रयत्नांत मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम (१९७२–२००२) महत्त्वाचा आहे. तो सहावी ते आठवीसाठी होता. तथापि खेड्यातील शाळेत उपलब्ध साधनांनी प्रयोग करता येतात, हे त्याने दाखवून दिले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने हा दृष्टिकोन सामाजिक शास्त्रांत व प्राथमिक शिक्षणातही नेला. मुंबई येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत काम केले, तसेच प्राथमिक इयत्तांसाठी कृतिप्रधान विज्ञान पाठ्यपुस्तके तयार केली.

महाराष्ट्रातील अभ्यासक्रम : महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती) १९६७ मध्ये पुणे येथे स्थापन झाले. तिसरीच्या मुलास आपल्या जिल्ह्याचा, चौथीच्या मुलास राज्याचा व त्यापुढे देशाचा भूगोल, अशी विस्तारत जाणाऱ्या वर्तुळांची रचना महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. त्यासाठी तिसरीची पुस्तके जिल्हावार काढली जात. चौथीच्या इतिहासात शिवचरित्राला प्रमुख स्थान मिळाले. ‘प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रम २०१२’ नुसार विज्ञान, भूगोल व नागरिकशास्त्र यांचा आशय परिसर अभ्यास या नावाखाली एकत्र गुंफण्यात आला. चौथी व पाचवीसाठी दोन भाग करण्यात आले : पहिल्यात वरील आशय व दुसऱ्यात इतिहास. पाचवीच्या दुसऱ्या भागात कालगणना, सजीवांची उत्क्रांती व आदिमानवापासूनची मानवाची वाटचाल हे विषय आले. तिसरीसाठी जिल्हावार आवृत्त्यांची परंपरा चालू ठेवण्यात आली.

महाराष्ट्रासारख्या प्रदेशात जिल्हावार पुस्तकांची गरज सहज पटण्यासारखी आहे. कोकणात वर्षाला दोन ते तीन हजार मिमी. किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात तो सु. पाचशे मिमी. एवढाच असतो. राज्याचा सु. चार-पंचमांश भाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. हा खडक पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत साठवितो; म्हणून शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एकीस पाणी असते व दुसरी कोरडी राहते. भरपूर पावसाच्या कोकणातही उतार तीव्र असल्याने पाणी वाहून जाते व एप्रिल-मेमध्ये टंचाई भासते. ‘जेथे पाऊस अधिक तेथे पाणी मुबलक’ हे वाक्य रत्नागिरी जिल्ह्यातील मुलाच्या अनुभवास पटणारे नाही.

आशय : विज्ञानाच्या अंगाने सजीव व निर्जीव यांतील भेद, वनस्पतींचे अवयव, प्राण्यांचे अधिवास, अन्न व आहार, शरीराची रचना व स्वच्छता, पाण्याच्या अवस्था, हवा, ऊर्जा, साधी यंत्रे, दिवस-रात्र, ऋतू व चंद्राच्या कला हे विषय येतात. सामाजिक अंगाने कुटुंब, शेजार, गाव व शहर, दिशा व नकाशा, व्यवसाय, वाहतूक, सार्वजनिक सेवा, नियम व हक्क, स्थानिक शासन, काळाची कल्पना व इतिहासाची साधने यांचा समावेश असतो. नकाशावाचनाचा आरंभ वर्गखोलीच्या आराखड्याने व इतिहासाचा आरंभ घरातील जुन्या वस्तू, आजी-आजोबांच्या आठवणी व गावातील जुन्या वास्तू यांपासून करावा, असे मानले जाते.

या दोन अंगांचा सांधा कसा जुळतो, हे पाणी या घटकावरून दिसते. ओले कापड उन्हात व सावलीत वाळण्यास किती वेळ लागतो, हे पाहून मुले बाष्पीभवन समजून घेतात. मातीच्या माठातील पाणी गार का राहते, याचा उलगडाही त्यातून होतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली असता गाळ खाली बसतो; परंतु नितळ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही, हे त्यानंतर शिकविणे आवश्यक ठरते. घरोघरी पाणी कोठून येते, ते आणण्यास किती फेऱ्या माराव्या लागतात व ते काम कोण करते, याची नोंद मुलांनी केली म्हणजे तिच्यातून गणित व समाजपरिचय दोन्ही साधतात. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाड येथील चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, या घटना येथे स्वाभाविकपणे येतात. पाणी सर्वांचे असल्याचे विधान आणि ते सर्वांना मिळविण्यासाठी करावा लागलेला लढा, ही दोन्ही एकाच पाठात आल्यास इतिहास हा केवळ सनावळीचा विषय राहत नाही.

मुलांच्या पूर्वकल्पना : मूल शाळेत रिकाम्या मनाने येत नाही, हे विसाव्या शतकातील संशोधनाने स्पष्ट केले. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) याने १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुले सूर्य, ढग, वारा यांना सजीव मानतात, असे दाखविले. सात ते अकरा या वयात मूल मूर्त वस्तूंच्या आधारे तर्कशुद्ध विचार करू लागते, या त्याच्या प्रतिपादनाचा प्राथमिक अभ्यासक्रमांवर मोठा प्रभाव पडला. १९९२ मध्ये स्टेला व्होस्निआडू व विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकन मुलांच्या पृथ्वीविषयक कल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘पृथ्वी गोल आहे’ असे सांगणाऱ्या अनेक मुलांच्या मनात प्रत्यक्षात सपाट तबकडी, सपाट तळावर माणसे राहतात असा पोकळ गोल किंवा आपली सपाट जमीन व आकाशातील गोल पृथ्वी अशा दोन पृथ्व्या, अशी चित्रे असल्याचे त्यांना आढळले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हैदराबाद येथील मुलांच्या अशाच अभ्यासात पृथ्वी पाण्यावर आधारलेली असल्याची कल्पना पुष्कळ मुलांत दिसून आली. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा उत्तरांवर परिणाम होतो, असा आक्षेप पुढील संशोधकांनी घेतला आहे. तरी अचूक शब्दांमागे अचूक आकलन असतेच असे नाही, हा मूळ निष्कर्ष शिक्षकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. मुलांची उत्तरे चुकीची म्हणून झिडकारण्याऐवजी त्यांमागील विचार जाणून घेणे हे अध्यापनाचे पहिले पाऊल ठरते.

अध्यापनपद्धती : निरीक्षण, क्षेत्रभेट, मुलाखत, संग्रह, साधे प्रयोग, नकाशे व आराखडे काढणे, नोंदवह्या ठेवणे आणि चर्चा या पद्धतींचा या विषयात अवलंब केला जातो. शाळेच्या अंगणात पिंपळ किंवा कडुनिंब यांसारख्या एकाच झाडाचे वर्षभर निरीक्षण करणे, बाजारात येणाऱ्या भाज्यांची ऋतुवार नोंद करणे, कुंभार, सुतार, परिचारिका, टपालवाहक यांच्याशी बोलून त्यांच्या कामाची माहिती घेणे, हे उपक्रम खर्चाचे नाहीत. त्यांना शिक्षकाची तयारी व वेळापत्रकातील सवड मात्र लागते.

सावलीच्या निरीक्षणाचे उदाहरण या विषयातील संधी व अडचण दोन्ही दाखविते. ‘सूर्य पूर्वेस उगवतो व दुपारी बारा वाजता डोक्यावर येतो’, हे वाक्य शाळांतून सर्रास सांगितले जाते. एखाद्या मुलाने अंगणात सरळ काठी रोवून तासातासाने सावलीचे टोक खुणावले, तर त्यास निराळेच दिसेल. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावरून ठरविलेली असल्याने मुंबईस सर्वांत आखूड सावली सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांच्या व नागपुरास १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास पडते. त्या वेळीही सावली नाहीशी होत नाही. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे सूर्य वर्षातून दोनच दिवस बरोबर माथ्यावर येतो : प्रथम मे महिन्यात व नंतर जुलै-ऑगस्टच्या सुमारास. पहिल्या वेळी शाळेस सुटी असते व दुसऱ्या वेळी आकाश बहुधा ढगाळ असते. त्यामुळे शाळेच्या अंगणात हा क्षण क्वचितच पाहावयास मिळतो. सूर्योदयही ठीक पूर्वेस केवळ २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास होतो; इतर दिवशी तो उत्तरेकडे वा दक्षिणेकडे सरकलेला असतो.

वर्षभर सावली मोजणाऱ्या मुलास ही सर्व माहिती काठी, दोरी व खडू एवढ्या साधनांनी मिळू शकते. परंतु परीक्षेत ‘सूर्य डोक्यावर केव्हा येतो?’ या प्रश्नाचे ‘दुपारी बारा वाजता’ हेच उत्तर ग्राह्य धरले गेले, तर काळजीपूर्वक निरीक्षण करणाऱ्या मुलाचे गुण जातील व वाक्य पाठ करणाऱ्यास ते मिळतील. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले खरे नसून छापलेले तेवढे खरे, असा धडा मुलाने यातून घेतल्यास परिसर अभ्यासाचा मूळ हेतूच विफल होतो.

मूल्यमापन : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१० पासून) याने कृती, शोध व अन्वेषण यांद्वारा अध्ययन आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन यांचा पुरस्कार केला. त्यानुसार महाराष्ट्रात निरीक्षण, प्रात्यक्षिक, प्रकल्प, तोंडी काम, गटकार्य इ. साधनांचा आकारिक मूल्यमापनात समावेश करण्यात आला. व्यवहारात नोंदींचे कागद भरण्याचा भार शिक्षकावर पडला व प्रकल्प पुष्कळदा पालकांनी करून दिलेले किंवा बाजारातून आणलेल्या चित्रतक्त्यांवर बेतलेले असतात, अशी टीका झाली. या अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्याने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू केली. या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत माहितीच्या स्मरणाहून नोंदींचे वाचन, तुलना व कारणमीमांसा यांवर भर असावा, असे तज्ञांचे मत आहे.

अडचणी व आक्षेप : एकत्रित विषयावर प्रथमपासून काही आक्षेप घेतले गेले आहेत. एकत्रीकरणाच्या भरात विज्ञानातील संकल्पनांची क्रमवार मांडणी विस्कळित होते व इतिहासातील कालक्रम हरवतो, हा त्यांतील प्रमुख आक्षेप होय. तो सर्वस्वी निराधार नाही. ‘पाणी’ या सूत्राखाली अनेक गोष्टी आल्या तरी बाष्पीभवनाची कल्पना पक्की झाली नाही, तर पुढील इयत्तांत पर्जन्यचक्र समजत नाही. दुसरा आक्षेप व्याप्तीचा आहे. केवळ जवळचे तेच शिकवावे, या आग्रहापोटी मुलाच्या जिज्ञासेस मर्यादा पडतात. तारे, समुद्र, हिमप्रदेश, लुप्त झालेले प्राणी यांची ओढ मुलास जिल्ह्याच्या तालुक्यांहून अधिक असू शकते. परिसर हा आरंभबिंदू मानावा, सीमारेषा मानू नये, असे यावर सुचविले जाते. तिसरा धोका जर्मनीच्या उदाहरणात दिसून आला : परिसराच्या परिचयाचे रूपांतर त्याच्या निर्विकार गौरवात झाल्यास विषयातील चिकित्सा नाहीशी होते. माहितीच्या भाराविषयीची तक्रारही जुनी आहे. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ च्या आपल्या अहवालात न समजता लादलेल्या माहितीस दप्तराच्या वजनाहून मोठे ओझे म्हटले होते.

अंमलबजावणीतील अडचणी निराळ्या आहेत. प्राथमिक शिक्षकांपैकी अनेकांनी विज्ञान वा सामाजिक शास्त्रे यांपैकी एकाच शाखेचा अभ्यास केलेला असतो. एकशिक्षकी व बहुवर्ग शाळांत क्षेत्रभेटी अवघड होतात. यांहून मूलभूत प्रश्न ‘कोणाचा परिसर?’ हा आहे. जिल्हावार पुस्तक एकाच जिल्ह्यात स्थिर राहणाऱ्या मुलास गृहीत धरते. बीड व अन्य जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोडणीसाठी आईवडिलांबरोबर जाणारी मुले वर्षाचे काही महिने दुसऱ्या जिल्ह्यातील कोप्यांत राहतात. त्यांच्यासाठी साखरशाळा काढण्यात आल्या; पण अशा मुलाचा परिसर पुस्तकातील नकाशात सामावत नाही. मुंबई-पुण्यातील वर्गात परराज्यांतून आलेल्या कामगारांची मुले असतात. ‘माझे घर’ या पाठातील पक्के घर, त्यातील स्वतंत्र स्वयंपाकघर व बाग ही वर्गातील सर्व मुलांची नसते. आदिवासी मुलास शंभर वनस्पतींची नावे ठाऊक असतात, पण ती त्याच्या बोलीत असल्याने उत्तरपत्रिकेत त्यांना जागा नसते.

अशा मुलांकडील ज्ञान वर्गात आणण्याचे काही मार्ग शिक्षकांनी शोधले आहेत. स्थानिक बोलीतील नावे व प्रमाण मराठी नावे फळ्यावर शेजारी लिहिणे, स्थलांतरित मुलांकडून त्यांच्या प्रवासाचा नकाशा काढून घेणे, निरनिराळ्या गावांतील मुलांनी आपापल्या पाण्याच्या सोयींची तुलना करणे, हे त्यांपैकी होत. ऊसतोडणी कामगाराच्या मुलास दोन जिल्ह्यांची माती, पिके व हवामान यांचा प्रत्यक्ष अनुभव असतो; भूगोलाच्या दृष्टीने ही त्याची उणीव नसून संपत्ती आहे. पाठ्यपुस्तक कितीही चांगले असले, तरी ते प्रत्येक गावासाठी स्वतंत्रपणे लिहिता येत नाही. छापील मजकूर व मुलाचा अनुभव यांत पडणारे हे अंतर शिक्षकानेच भरून काढावयाचे असते. ते ज्या प्रमाणात भरून निघेल, त्या प्रमाणात पुढील इयत्तांतील विज्ञान व समाजशास्त्रे यांना भक्कम आधार मिळतो.